साइडपट्टीवरची घरटी: स्नॅपिंग टर्टलच्या अंड्यांसाठी पेट्या, एका हंगामाच्या नोंदी

१२ मे २०२४

कॅनडात ऑन्टॅरिओ प्रांतातल्या पीटरबरोच्या उत्तरेला, कवार्था तलावांच्या पट्ट्यात आमचं घर आहे. समोरून खडीचा रस्ता जातो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणथळ आहे. जूनमध्ये त्या पाणथळीतून स्नॅपिंग टर्टलच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या मोठ्या चावऱ्या कासवांच्या, माद्या वर येतात आणि रस्त्याच्या साइडपट्टीत अंडी घालतात. त्यांना भरपूर ऊन लागणारी, पाणी न साचणारी, उकरायला मोकळी जमीन हवी असते आणि इथे ती रस्त्याने आयती करून ठेवली आहे.

गेल्या जूनमध्ये सहाशे मीटरच्या टप्प्यात मी ११ घरटी मोजली. अकराही उकरलेली होती. भोवती पांढरी, आक्रसलेली टरफलं पडलेली. हे काम मुख्यतः रॅकूनचं, थोडं स्कंकचं (दोन्ही इथले रात्री फिरणारे छोटे प्राणी) आणि कोल्ह्याचं.

माझं माहेर दापोलीकडचं. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांसोबत सागरी कासवांची घरटी राखली, तिथे मी पिल्लांना समुद्राकडे जाताना पाहिलं आहे. त्यामुळे पहिल्यांदा डोक्यात तेच आलं की अंडी काढावीत आणि कुंपणात नेऊन पुरावीत. इथे ते करायचं नाही. अंडी उकरायला किंवा हलवायला प्रांताची परवानगी लागते. शिवाय अंडी घातल्यावर थोड्याच वेळात गर्भ कवचाला आतून वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंसुलटं झालं तर गर्भ मरतो. म्हणून घरटं जिथे आहे तिथेच ठेवायचं आणि त्यावर पेटी बसवायची. पेटीला तळ नसतो, वर जाळी असते आणि बाजूंना जमिनीलगत खाचा असतात, म्हणजे पिल्लं आपली आपण बाहेर पडतात.

आजची खरेदी: आठ फुटी पाइनच्या २×८ इंची फळ्या तीन, ४८ डॉलर. औषध न लावलेलं लाकूड मागून घेतलं, कारण त्या औषधाचा अंश मातीत उतरायला नको. अर्ध्या इंची जस्ती जाळीचा २४ इंच रुंद, २५ फूट लांब गुंडाळा, ५८ डॉलर. स्क्रू आणि स्टेपलरच्या पिना, १३ डॉलर. एकूण ११९.

१८ मे

चार पेट्या झाल्या. पहिलीला तीन तास गेले, चौथीला पन्नास मिनिटं. प्रत्येक पेटी १६ इंच चौरस केली, म्हणजे तीन फळ्यांत चार बसल्या. दोन समोरासमोरच्या बाजूंना खालून तीन इंच उंच आणि पाच इंच रुंद खाच जिगसॉने कापली. जाळी हातातल्या स्टेपलरने ठोकली. दिसायला घट्ट वाटते आहे.

रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना एप्रिलमध्येच पत्र पाठवलं होतं. उत्तर यायला सोळा दिवस लागले. गाड्यांच्या मार्गात पेटी येणार नसेल तर हरकत नाही, असं कळवलं आहे. हे काम करणाऱ्यांनी पत्र फेब्रुवारीतच पाठवावं.

४ जून

आज पहिली मादी दिसली. संध्याकाळी पावणेसात वाजता रस्त्याच्या मधोमध, गळ्यापर्यंत शेवाळ आणि चिखल. ढाल दीड फुटाची असेल. शेपटीवर करवतीसारखे दाते. गोड्या पाण्यातलं कॅनडाचं सर्वांत मोठं कासव हेच. याच्या पोटाखालचं कवच इतकं लहान असतं की डोकं-पाय आत घेऊन बसता येत नाही, म्हणून जमिनीवर हे चावायला धावतं. पाण्यात त्याला डिवचलं तर ते मुकाट्याने निघून जातं.

मी तिला गाडीतल्या रबरी मॅटवर घेतलं आणि ओढत पाणथळीच्या कडेला नेऊन सोडलं. वाटलं, वाचवली. वीस मिनिटांनी ती पुन्हा त्याच जागी रस्त्यावर होती. तिला पलीकडे जायचं होतं आणि मी तिला आली तिकडेच परत नेलं होतं. त्यामुळे तिने तोच रस्ता दोनदा ओलांडला, एका खेपेला माझ्यामुळे.

यापुढे ती ज्या दिशेला तोंड करून चालली असेल, त्याच दिशेला नेईन. उचलायची वेळ आली तर ढालीच्या मागच्या कडेला, मागच्या पायांच्या वर दोन्ही हातांनी धरायचं. मान बाजूंनी बरीच मागे वळते, म्हणून कडेला मध्यावर हात नको. शेपटी धरून तर कधीच उचलू नये, त्याने मणक्याला इजा होते. मॅट सर्वांत बरी.

५ जून

रात्री नऊला एक मादी अंडी घालून माती लोटताना दिसली. अंधार पडला होता, डास फार होते, पेट्या मागच्या शेडमध्ये होत्या. सकाळी बसवू म्हणून घरी आले.

सकाळी साडेपाचला गेले तेव्हा तिथे खड्डा होता. एकतीस टरफलं मोजली.

मादी गेल्यावर तिचा वास आणि ओली, ताजी माती रॅकूनला बोलावते, आणि सर्वाधिक घरटी पहिल्या एक-दोन रात्रींतच जातात. मी हे वाचलं होतं. तरी झोपायला गेले. आजपासून दोन पेट्या, हातोडा, खुंट्या आणि डोक्याचा दिवा गाडीच्या डिकीत.

८ जून

दोन घरटी, दोन्ही आम्ही पाहत असताना घातलेली. लेक टॉर्च जमिनीकडे धरून लांब उभी होती. मादी अंडी घालू लागली की तंद्रीत असल्यासारखी दिसते, पण त्याआधी माणूस जवळ आला तर खड्डा सोडून निघून जाते, म्हणून मातीने झाकून ती पाण्याकडे वळेपर्यंत दहा मीटर लांब थांबायचं. मागच्या एका पायाने अंडं हळूच खाली सारते, मग दुसऱ्या पायाने, आणि ते पाय मातीने माखलेले असूनही टेबल-टेनिसच्या चेंडूसारख्या गोल अंड्याला धक्का लागत नाही. लेक कुजबुजली, "आई, तिला दिसत नाही ना मागचं?" नाही दिसत. एकदाही मागे वळून न पाहता सगळं करते.

पेटी क्र. १ रात्री ९:५० ला बसवली, क्र. २ साडेदहाला. चार कोपऱ्यांना लांब खुंट्या, भोवती दगड.

९ जून

क्र. २ गेली. रॅकूनने जाळीचा एक कोपरा धरून पिना एकामागून एक उपटल्या आणि जाळी डब्याच्या झाकणासारखी मागे दुमडली. पिना हाताने ओढून पाहिल्या तर त्या जेमतेम पाव इंच रुतलेल्या होत्या.

क्र. १ वर ओरखडे आहेत, पण जाळी टिकली. दिवसभर बसून सगळ्या पेट्यांची जाळी काढली आणि पुन्हा लावली. आता जाळीवर लाकडाची पातळ पट्टी आणि पट्टीतून दर चार इंचांवर वॉशरसह स्क्रू. स्टेपलर ठेवून दिला.

११ जून

काल बसवलेली क्र. ३ पण गेली. या खेपेला जाळी शाबूत होती. चूक मापाची होती. १६ इंची पेटीत घरट्याचा मध्य कडेपासून फक्त आठ इंच येतो. रॅकूनने फळीखालून तिरका बोगदा काढला आणि हात घालून अंडी ओढली. त्याचे पंजे माणसाच्या हातासारखे चालतात. आठ इंच म्हणजे त्याला काहीच नाही.

पेट्या २४ इंची करायला हव्या होत्या. आठ फुटी फळीतून बरोबर चार तुकडे निघतात, जाळीचा गुंडाळाही २४ इंचीच आहे, म्हणजे कापताना वाया काही जात नाही. मी चार पेट्यांमागे एक फळी, म्हणजे १६ डॉलर वाचवले होते, आणि जाळीच्या आठ इंची पट्ट्या कापून टाकून दिल्या होत्या. त्या काटकसरीत एक पूर्ण घरटं गेलं.

आज सहा फळ्या, ९६ डॉलर. स्क्रू-वॉशर २४, खुंट्यांसाठी सळई २१. नवरा कामावरून येऊन कापायला बसला, रात्री साडेअकरापर्यंत चार २४ इंची पेट्या तयार. क्र. १ वरची छोटी पेटी काढून तिथे मोठी ठेवली, घरट्याच्या मातीला हात न लावता.

१४ जून

१३ तारखेला क्र. ४ नीट बसली. आजची नोंद वेगळी आहे.

सकाळी सात वाजता वळणावर एक मादी पडलेली दिसली. ढालीची मागची बाजू फुटलेली, खालून रक्त, पण डोकं हलत होतं. झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात तिला घेतलं. डब्यात पाणी घालायचं नाही. जखमी कासव त्यात बुडू शकतं. रस्त्यावरची नेमकी जागा लिहून घेतली, कारण बरं झालेलं कासव जिथे सापडलं तिथेच परत सोडावं लागतं. पीटरबरोजवळ ऑन्टॅरिओ टर्टल कन्झर्वेशन सेंटर हे कासवांचं रुग्णालय आहे, तिथे नेलं.

दुपारी फोन आला. ती वाचली नाही. तिच्या पोटातली अंडी मात्र काढून घेतली होती आणि ती उबवणीला ठेवणार आहेत. पिल्लं झाली तर याच पाणथळीत परत येतील.

१५ जून

आज पेट्यांना हात लावला नाही. कालच्या मादीचा हिशोब मांडत बसले.

ऑन्टॅरिओतल्याच अल्गॉन्क्विन उद्यानात या कासवांचा अभ्यास १९७२ पासून चालू आहे. तिथली मादी वयाच्या १७ ते १९ वर्षांनंतर पहिल्यांदा अंडी घालते, मग वर्षातून एकदाच. तिथल्या कामातून निघालेला अंदाज असा की दहा हजार अंड्यांमागे साधारण सात कासवं मोठी होतात, म्हणजे एका मोठ्या कासवामागे जवळजवळ १४३० अंडी. एका घरट्यात ३५ अंडी धरली तर एका मादीला स्वतःची जागा भरून काढायला चाळीस वर्षं अंडी घालावी लागतात. माझ्या वयाएवढी वर्षं.

त्याच उद्यानात १९८०च्या दशकाच्या अखेरीस काही हिवाळ्यांत पाणमांजरांनी बर्फाखाली निजलेली बरीच मोठी कासवं मारली. दोन दशकांहून जास्त काळ गेल्यावरही ती संख्या परत आली नव्हती. अंडी घालणं थांबलं नव्हतं, पण मोठ्या माद्याच उरल्या नव्हत्या.

म्हणजे मी बारा मेपासून अंड्यांमागे धावते आहे आणि अंडी घालणारी माझ्या दारासमोर गाडीखाली जाते आहे. पेट्या चालू ठेवायच्या, पण आजपासून संध्याकाळी सहा ते नऊ आणि सकाळी पाच ते सात कोणीतरी रस्त्यावर उभं राहायचं. परावर्ती कपडे आमच्याकडे होते. लेक, नवरा, मी आणि रस्त्याच्या टोकाला राहणारे एक वयस्क शेतकरी, असे चौघं वाटून घेतो आहोत. ते शेतकरी लहानपणी सूपसाठी ही कासवं धरत असत. प्रांताने शिकार २०१७ मध्ये बंद केली. ते स्वतः म्हणाले की सकाळची पाळी माझी, मी नाहीतरी चारला उठतो.

सगळेच चालक चुकून धडकत नाहीत, हेही लिहून ठेवते. ईरी सरोवराकाठच्या लाँग पॉइंट रस्त्यावर खोटी कासवं आणि साप ठेवून पाहणी झाली होती, तेव्हा पावणेतीन टक्क्यांच्या आसपास चालकांनी मुद्दाम गाडी त्यांवर घातली. त्या रस्त्यावर पुढे कुंपणं आणि रस्त्याखालून जाण्याचे मार्ग झाले. आमच्या रस्त्यावर तूर्त चार माणसं आहेत.

१८ जून

१५ तारखेला उशिरा, पाळीवर असताना ढालीच्या मागच्या कडेला मोठी खाच असलेली एक मादी उकरताना दिसली होती. ती गेल्यावर क्र. ५ बसवली. काल तीच मादी तिथून पाच मीटरवर पुन्हा आली आणि या वेळी अंडी घालताना मी डोळ्यांनी पाहिली. म्हणजे क्र. ५ खाली काही नाही. अंडी न घालताच सोडून दिलेले असे खड्डे ही कासवं बरेचदा करतात. वरून ओळखता येत नाही आणि उकरून बघायचं नाही. अंडी पडताना दिसल्याशिवाय शेवटची उरलेली पेटी वापरू नये, एवढं शिकले. क्र. ५ ची पेटी उचलून क्र. ६ वर ठेवली. आज क्र. ७.

चार दिवसांच्या पाळ्यांत नऊ माद्या पलीकडे नेल्या.

३ जुलै

क्र. ८ (२० जून) आणि क्र. ९ (२३ जून) बसल्या. क्र. ९ ची मादी कोणी पाहिली नाही. सकाळी ताजी माती दिसली. खड्डा लहान वाटतो.

एक चूक आज उमगली. लोकांनी पेट्या उचलू नयेत म्हणून लेकीने छान पाट्या रंगवल्या होत्या आणि मी त्या जाळीवर आडव्या बांधल्या होत्या. अर्ध्या घरट्यावर सावली. या कासवांत नर-मादी हे अंड्यातल्या तापमानावर ठरतं. मधल्या तापमानाला बहुतेक नर होतात, त्याहून गार किंवा त्याहून उष्ण असेल तर माद्या. मी दहा दिवस त्यात नकळत हात घातला होता. पाट्या सोडून फळीच्या बाजूला स्क्रूने लावल्या. आत वाढलेलं गवतही वरचेवर कापते, उपटत नाही.

उन्हाळा कडक आहे म्हणून शेजारच्या बाईंनी एका पेटीत झारीने पाणी घातलं होतं. मायेनेच घातलं होतं. पाण्यानेही घरट्याचं तापमान बदलतं हे त्यांना सांगितलं आणि त्या आता फेरीला येतात.

२२ जुलै

रस्ता सपाट करायला ग्रेडर आला आणि क्र. ६ गेली. खाच असलेल्या मादीची अंडी. पेटी खडीच्या ढिगात उलटी पडली होती आणि पात्याने वरचे सहा इंच खरवडून नेले होते. चालकाला पेटी दिसलीच नसणार. गवत गुडघाभर होतं. मी परवानगी घेतली, पण कुठल्या जागी पेट्या आहेत ते कोणाला कळवलं नाही.

संध्याकाळी उरलेल्या प्रत्येक पेटीला चार फुटी परावर्ती खांब लावले, ३० डॉलर. नकाशावर खुणा करून रस्तेवाल्यांना पाठवल्या. फोन आला की पुढच्या खेपेला आधी कळवू.

एकूण खर्च २९० डॉलर.

१० सप्टेंबर

क्र. १. दिवस ९४.

आज गौरी आवाहन. संध्याकाळी पाहुणे यायचे होते, हळद-कुंकवाचं ताट मांडत होते, आणि लेक रस्त्यावरून ओरडत आली. जाळीखाली माती खचून वाटीएवढा खळगा झाला होता आणि त्यात डोकी. जुन्या मोठ्या रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी ढाल, तिच्याएवढीच लांब शेपटी, सगळी मातीने माखलेली. एक पिल्लू खाचेतून बाहेर आलं, थांबलं आणि गवतात उतरलं. मग दुसरं.

पाहुण्यांना तिथेच रस्त्यावर बोलावलं. पैठण्या नेसलेल्या सहा बायका साइडपट्टीवर उकिडव्या बसल्या होत्या. दिसली ती १९.

१६ सप्टेंबर

क्र. ४. गेल्या आठवड्यातल्या पावसाने खडी वाहून एका बाजूची खाच पूर्ण बुजली होती आणि दुसरी अर्धी. सणाच्या गडबडीत मी तीन दिवस फेरी मारली नव्हती. आत दोन पिल्लं कोपऱ्यात वाळून मेलेली. खाच मोकळी केली तशी बाकीची बाहेर आली, ११.

ही दोन माझी. रॅकून नाही, ग्रेडर नाही. ऑगस्टच्या मध्यापासून रोज दोन्ही खाचा पाहायच्या, आणि दोनऐवजी चारही बाजूंना खाच करायची.

६ ऑक्टोबर

क्र. ७ मधून २१ सप्टेंबरला ११ दिसली. एकूण दिसलेली पिल्लं ४१. क्र. ८ मधून काही नाही. रात्री आता गोठायला लागल्या आहेत आणि स्नॅपिंग टर्टलची पिल्लं या थंडीत घरट्यात सहसा टिकत नाहीत. पेटी उचलली.

क्र. ९ ठेवते. तो लहान खड्डा पेंटेड टर्टलचा, म्हणजे दुसऱ्या, लहान जातीच्या कासवाचा असू शकतो. त्यांची पिल्लं अंड्यातून निघून घरट्यातच हिवाळा काढतात आणि वसंतात वर येतात. नांगरासारखी बर्फ लोटणारी गाडी येते, म्हणून तिथे दोन खांब जास्त ठोकले.

९ मे २०२५

क्र. ९. चार पिल्लं, पोटाला लालसर-केशरी. पेंटेडच.

७ जून २०२५

या वर्षी सात पेट्या, सगळ्या २४ इंची, चार खाचांच्या. पाळीवर आता नऊ माणसं.

रात्री ९:२० ला वळणापासून चाळीस पावलांवर, ढालीच्या मागच्या कडेला खाच असलेली मादी. गेल्या वर्षीच्या जागेपासून फार तर चार मीटर. अंडी पडताना दिसली, मी २८ पर्यंत मोजली. १०:०५ ला ती पाण्यात उतरली. १०:२५ ला पेटी बसली, १०:४० ला खांब. जागेची खूण रस्तेवाल्यांना रात्रीच पाठवली.